काठावरचा साग

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या मुरमाड उतारावर लाकडाचा व्यापारी थांबणार नाही. तिथला साग ठेंगणा, खोड वाकडं, फांद्या लवकर फुटलेल्या. खाली ओढ्याकाठी, निचऱ्याच्या खोल मातीत, साग सरळसोट वाढलेला दिसतो. हा फरक जमिनीने घडवला की बियाण्याने, ते नुसतं पाहून कळत नाही.

कळण्याचा मार्ग एकच: निरनिराळ्या जंगलांचं बी एकाच जमिनीत शेजारीशेजारी लावायचं आणि वर्षानुवर्षं मोजत राहायचं. 1970च्या दशकात डेन्मार्कच्या पुढाकाराने अनेक देशांत सागाच्या अशा लागवडी झाल्या. माती सारखी असूनही मूळ प्रदेशानुसार वाढीत आणि खोडाच्या घडणीत फरक उरला. म्हणजे काही फरक बियाण्यातच होता. सागाचा फुलोरा शेंड्याला येतो. जे झाड लहान वयात फुलतं, त्याचं खोड तिथेच दुभंगतं. लाकूड हवं असणाऱ्याला हा दोष वाटतो. पण जिथे आयुष्याचीच खात्री नाही, तिथे लवकर बी धरणं झाडाच्या फायद्याचंच ठरू शकतं.

भारतातल्या नैसर्गिक सागाची उत्तर सीमा बुंदेलखंडाच्या आसपास येते. पलीकडे कोरडेपणा आहे, आणि कोवळ्या रोपांना जाळणारी थंडीत गोठणारी दहिवरं आहेत. यवतमाळ त्या सीमेपासून बरंच दक्षिणेला. तरी उथळ मातीचा प्रत्येक उतार सागासाठी छोटा काठच असतो. काठावरची झाडं थोडी आणि विखुरलेली. साग स्वतःचा पराग सहसा स्वीकारत नाही, परागवहन कीटकांवर अवलंबून. त्यामुळे एकटं पडलेलं झाड बी कमी धरतं. लहान समूहात काही गुण निव्वळ योगायोगाने नाहीसे होतात. उलट, तहान सोसण्याचे जे गुण टिकतात, ते सुपीक दरीतल्या झाडांत कदाचित नसतीलही.

म्हणून बियाण्यासाठी फक्त सरळ, उंच झाडं निवडण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. आज उत्तम दिसणारं झाड आजच्या पावसाच्या हिशेबात उत्तम असतं. आपण लावलेला साग मात्र साठ-सत्तर वर्षं उभा राहणार आहे. लागवडीसाठी जड्या, म्हणजे रोपांची छाटलेली मुळं, वाटताना त्यांचं बी कोणत्या जंगलातून, कसल्या जमिनीतून आलं याची नोंद सोबत दिलीच पाहिजे. आणि टिपेश्वरसारख्या उतारांवरची जुनी वाकडी झाडंही बियाण्याची झाडं म्हणून नकाशावर यायला हवीत.