वरवरचे मलम

शास्त्रपाठ : २ राजे ५:१-१४, यशया ३८:१-५ व २१, यिर्मया ६:१४



भोपाळ शहराच्या पूर्वेस रायसेन रस्त्यालगत आनंद नगर नावाची वस्ती आहे. जवळच भेलचा मोठा कारखाना. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून आलेली काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे या भागात राहतात व आळीपाळीने एकमेकांच्या घरी मराठीत प्रार्थनासभा भरवतात. अशा सभांमध्ये वचन सांगण्याची सेवा प्रभूने आम्हांवर सोपवली आहे. आज आम्ही लिहीत आहो ती आमच्या यशाची साक्ष नव्हे. आमच्या हातून झालेल्या चुकीची ती कबुली आहे.

आमच्या मंडळीतील एक भगिनी शब्बाथशाळेत लहान मुलांचा वर्ग घेत असे. एका पावसाळ्यानंतर ती येईनाशी झाली. आधी वर्ग सुटला, मग उपासना सुटली. आम्ही भेटीस गेलो तेव्हा ती पदराने अर्धा चेहरा झाकून दारात उभी राहिली. मानेवर गोल चट्टा उठला होता, खाज सुटत होती. आपण ज्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतो आणि इकडे सर्वजण दाद म्हणतात, तेच ते. डॉक्टरकडे जाण्याइतके हे मोठे दुखणे नव्हे, असे समजून तिने औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली, लाली गेली. आठवड्याने चट्टा पुन्हा उठला, तिने पुन्हा ट्यूब लावली. गालावर चट्टा आला तेव्हा तीच ट्यूब गालालाही लावली. असे आठ महिने चालले. आता चट्टे अंगभर पसरले होते. चेहरा लाल झाला होता, उन्हात गेले की आग होत होती, गालांवर बारीक शिरा दिसत होत्या, पुटकुळ्या व बारीक लव आली होती. ट्यूब एक दिवस चुकली तर चेहरा पेटल्यासारखा होई.

आणि आम्ही काय केले? आम्ही प्रार्थना केली, हे योग्यच केले. परंतु पुढे आम्ही म्हणालो, "ताई, आता विश्वासाने ही ट्यूब टाकून द्या." तिने टाकून दिली. चार दिवसांत तिचा चेहरा असा सुजला व लाल झाला की तिला आरशात पाहवेना. अंगाच्या आगीपेक्षाही तिला मनाची आग अधिक झाली, कारण तिला वाटले की आपला विश्वासच कमी पडला. ते ओझे तिच्यावर आम्ही ठेवले होते.

ईयोबाच्या गोष्टीत त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. तेवढे त्यांनी बरे केले. तोंड उघडले आणि दुःखात भर घातली. म्हणून तेराव्या अध्यायात ईयोब त्यांना कुचकामी वैद्य ठरवतो. ते वाचताना आम्हांला आमचेच नाव तेथे दिसले.

पुढे ती भगिनी पतीबरोबर त्वचारोगतज्ज्ञाकडे गेली. डॉक्टरांनी न रागावता सर्व समजावून सांगितले. ते आम्ही येथे सांगतो, कारण आपल्या पुष्कळ घरांच्या कपाटांत तशी ट्यूब पडलेली असेल.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. स्टेरॉइड हे मुळात वाईट औषध नव्हे. कॉर्टिसोन व त्याच्या जातीच्या द्रव्यांवरील संशोधनासाठी १९५० साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९५२ पासून त्वचेच्या विकारांत स्टेरॉइडची मलमे वापरात येऊ लागली. इसबासारख्या कित्येक विकारांत, योग्य जागी, योग्य दिवस वापरली तर ती मोठा आशीर्वाद आहेत. परंतु नायटा हा बुरशीचा रोग आहे. स्टेरॉइड बुरशीला मारत नाही, शरीराचा प्रतिकार दाबून टाकते. म्हणून लाली व खाज जाते, आणि खाली बुरशी निर्धास्तपणे वाढते. बाजारातील कित्येक ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे औषध व जंतुनाशक अशी तिन्हींची भेसळ असते. रोगी समजतो, गुण आला. गुण आलेला नसतो, खूण पुसलेली असते. शिवाय चेहऱ्याची कातडी पातळ. तेथे महिनोन्‌महिने स्टेरॉइड लागले की ती आणखी पातळ होते, आणि मलम थांबवताच दबलेली आग उसळून येते. आपल्या देशात हा उपद्रव इतका वाढला की २०१८ साली सरकारने अशा अनेक मलमांच्या विक्रीवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. नेहमीच्या औषधांना सहज दाद न देणाऱ्या नायट्याच्या बुरशीला २०२० साली शास्त्रज्ञांनी जे नवे नाव दिले, त्यात 'इंडोटिनी' असा आपल्या देशाचा उल्लेख आहे. ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

यिर्मया संदेष्ट्याने त्याच्या काळच्या धर्मगुरूंवर हाच आरोप ठेवला होता. लोकांची जखम खोल होती, आणि ते ती वरवर बरी करून सर्व काही ठीक आहे असे सांगत होते. मंडळीतील भांडण चहाच्या कपावर मिटवले आणि मनातील अढी तशीच राहिली, पाप कबूल न करता दान वाढवले, मुलगा वाईट संगतीला लागला ते पाळकसाहेबांपासून लपवले, की तेही वरवरचे मलमच. दोन दिवस लाली जाते. आठ महिन्यांनी चेहरा ओळखू येत नाही.

आता नामानाकडे वळू या. तो सेनापती, शूर, राजाचा लाडका. पण त्वचेच्या रोगाने गांजलेला. शास्त्रात ज्याला कोड किंवा महारोग म्हटले आहे तो नेहमी आजचा कुष्ठरोगच होता असे नाही. लेवीय १३ व १४ मध्ये तोच शब्द कपड्यांवरील व घराच्या भिंतींवरील डागांनाही लावला आहे. नामानाची अपेक्षा होती की संदेष्टा बाहेर येईल, रोगाच्या जागेवर हात फिरवील, आणि क्षणात रोग जाईल. अलीशा बाहेरसुद्धा आला नाही. निरोप आला, यार्देनेत सात वेळा बुडी मार. नामान संतापून निघाला. त्याला त्याच्या चाकरांनी परत वळवले. बंधुजनहो, पहिल्या सहा बुड्यांनंतर काय झाले याविषयी शास्त्र एक शब्दही सांगत नाही. सहाव्या बुडीनंतर तो नदीबाहेर आला असता तर?

आमच्या भगिनीची यार्देन बरीच लांब होती. डॉक्टरांनी चेहऱ्यावरील स्टेरॉइड आपल्या देखरेखीखाली बंद केले. साधे सौम्य मलम लावावे, उन्हापासून जपावे, दुसऱ्याने सांगितलेले काहीही चेहऱ्याला लावू नये, असे सांगितले. बुरशीसाठी कित्येक आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. चट्टे दिसेनासे झाले तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत थांबायचे नाही, घरातील सर्वांची तपासणी करायची, टॉवेल वेगळे ठेवायचे, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. गोळ्यांनी तिच्या तोंडाची चव गेली. वरणभातही मातीसारखा लागे. ती आम्हांला म्हणाली, "भाऊ, त्या मलमाने चेहरा गेला, या गोळीने चव गेली. मग दोहोंत फरक तो काय?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला मिरज व कोठारा येथील कुष्ठरोग रुग्णालयांच्या कार्यातून मिळाले. वेलस्ली बेली यांनी १८७४ साली सुरू केलेल्या लेप्रसी मिशनशी ही रुग्णालये निगडित आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली कुष्ठरोगासाठी अनेक औषधांचा एकत्र उपचार सुचवला. त्यातील क्लोफाझिमिनने कातडी तांबूस काळसर पडते. रिफाम्पिसिन घेतल्यावर काही तास लघवी लाल होते. कातडीवरील डागासाठी औषध घ्यायचे आणि त्या औषधाने सर्वांगच काळवंडायचे, ही केवढी परीक्षा! ईयोबानेही तिसाव्या अध्यायात आपली कातडी काळी पडल्याचे रडगाणे गायिले आहे. परंतु ज्यांनी हे सोसून औषध पुरे केले त्यांचा रोग गेला, आणि औषध थांबल्यावर तो काळेपणाही हळूहळू ओसरला. डिसेंबर २००५ मध्ये आपल्या देशात दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, अशी स्थिती आली. रोग अजून संपलेला नाही, पण लक्षावधी लोक बरे झाले आहेत.

फरक तो हा. एक औषध रोग लपवते आणि त्याचा दुष्परिणाम वाढत जातो. दुसरे औषध रोग काढते आणि त्याचा दुष्परिणाम बहुधा ओसरतो. पहिल्यापासून सुटायचे असते, दुसऱ्यातून पार जायचे असते. कोणते कोणते हे ओळखण्यासाठी आपल्याला ज्ञानी माणसाची गरज आहे. एकट्याने ठरवू नये.

मात्र सोसणे म्हणजे मुकाट्याने मरणे नव्हे. त्याच कुष्ठरोगाच्या उपचारातील डॅप्सोनने क्वचित ताप येऊन अंगभर पुरळ उठते, आणि तेव्हा ते औषध तत्काळ थांबवावे लागते. कोणत्याही औषधानंतर ओठ किंवा चेहरा सुजला, दम लागला, तोंडात फोड आले, कातडी सोलू लागली, डोळे पिवळे झाले, तर पुढच्या रविवारची वाट न पाहता त्याच घटकेला दवाखाना गाठावा. उलट, स्टेरॉइडच्या गोळ्या पुष्कळ दिवस चालू असतील तर त्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. शरीराला त्यांची सवय झालेली असते, आणि अचानक थांबवण्याने जीवही धोक्यात येऊ शकतो.

कोणी विचारील, मग प्रार्थनेचे काय? हिज्कीया राजाने भिंतीकडे तोंड करून अश्रू ढाळले, देवाने त्याचे ऐकले, पंधरा वर्षे आयुष्य वाढवून देण्याचे वचन दिले. आणि त्याच अध्यायात यशया त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावण्यास सांगतो. वचनही मिळाले, लेपही लागला. लेपाने वचन खोटे पडले नाही आणि वचनाने लेप निरर्थक ठरला नाही. याकोबाच्या पत्रातही वडिलांनी प्रार्थना करावी व तेल लावावे असे सांगितले आहे. लूक वैद्य पौलाचा सोबती होता, तरी पौलाच्या देहातला काटा गेला नाही. त्याऐवजी पुरेशी कृपा मिळाली. देव कधी लेप देतो, कधी यार्देन देतो, कधी काट्याबरोबर कृपा देतो. आम्ही मात्र त्याच्या वतीने ट्यूब टाकून देण्याचा हुकूम केला, आणि तो हुकूम त्याचा नव्हता.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना दोन शब्द. वर्गातील मुलाच्या अंगावर चट्टा दिसला तर त्याला वेगळ्या बाकावर बसवू नका. त्याच्या आईला एकीकडे प्रेमाने सांगा की डॉक्टरांना दाखवा. चट्टा खाजत नसेल, उलट तेथे स्पर्श कळत नसेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात अवश्य पाठवा. कुष्ठरोगाची तपासणी व औषध तेथे मोफत मिळते, आणि लवकर औषध मिळाले तर हातपाय वाकडे होत नाहीत.

आमच्या भगिनीला बरे वाटण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. चव परत आली, चट्टे गेले. गालावरच्या शिरा थोड्या अजून दिसतात. आम्ही तिच्या घरी जाऊन तिच्या पतीसमोर तिची क्षमा मागितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भाऊ, क्षमा केली. पण पुढच्या वेळी आधी विचारा, डॉक्टर काय म्हणाले, आणि मग प्रार्थना करा."

नाताळच्या आधीच्या रविवारी ती वर्गात परत आली, चेहऱ्यावर पदर न घेता. एका लहान मुलीने सरळ विचारले, "बाई, तुमचे गाल लाल का?" मोठ्यांनी माना खाली घातल्या. ती हसून म्हणाली, "औषध चुकले होते, आता बरोबर मिळाले आहे." आणि तिने नामानाची गोष्ट सांगण्यास सुरुवात केली.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमच्या जखमा तुला ठाऊक आहेत. त्या झाकण्याचा मोह आमच्यापासून दूर कर. जे सोसणे हिताचे आहे ते सोसण्यास धीर दे, जे टाकणे हिताचे आहे ते टाकण्यास ज्ञान दे. वैद्यांच्या हातांना यश दे, आणि तुझ्या लेकरांवर ओझे घालणाऱ्या आमच्या जिभेला आवर. महावैद्य प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.