संशयाखाली सूर लावू नकोस

चि. सोनूस,


तुझी स्क्रिप्ट आणि कच्चा ट्रॅक, दोन्ही मिळाले. नेताजींच्या मृत्यूबद्दल लोक इतकी वर्षं वेगवेगळं का मानत आले, हा विषय ध्वनिकथेसाठी तू घेतलास याचा मला फार आनंद झाला. रेकॉर्डिंग स्वच्छ आहे. पण पहिल्या मिनिटाबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे.

तू विचारतेस, ‘नेताजी खरंच त्या विमानात होते का?’ आणि त्याच क्षणी खाली तो खर्जातला, लांबवलेला सूर सुरू होतो. तो सूर काढून टाक. कागदावर प्रश्न वाचणारा माणूस थांबू शकतो, मागे जाऊन तारीख पुन्हा बघू शकतो. ऐकणारा तुझ्या आवाजाबरोबर पुढे ओढला जातो. प्रश्न विरून जातो आणि मनात संशय तेवढा उरतो. मग पुढे तू कितीही पुरावे मांडलेस, तरी संगीतानं आधीच निकाल देऊन टाकलेला असतो. तुला तसं करायचं नव्हतं हे स्क्रिप्टवरून कळतं, पण ट्रॅकवर तसंच झालंय.

त्याऐवजी कथा मार्च १९४२ पासून सुरू कर. टोकियोला जाताना विमान अपघातात सुभाषबाबू गेले, अशी बातमी तेव्हा ब्रिटिश वृत्तसंस्थेनं दिली होती. गांधीजींनी सुभाषबाबूंच्या आईला सांत्वनाची तारही पाठवली. सुभाषबाबू मात्र बर्लिनमध्ये सुखरूप होते. त्यांनी आझाद हिंद रेडिओवरून स्वतः बोलून ती बातमी खोटी पाडली. (याच केंद्रावरून मराठीतही बातम्या दिल्या जात, हे तुझ्या श्रोत्यांना जरूर सांग.) त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी १९४१ मध्ये, कोलकात्याच्या घराभोवती पहारा असताना ते पठाणाच्या वेषात निसटले होते आणि पेशावर, काबूलमार्गे जर्मनीला पोचले होते. जो माणूस पहाऱ्यातून नाहीसा होतो, आणि मेल्याची बातमी आल्यावर ज्याचा आवाज रेडिओवर येतो, त्याच्या मृत्यूची पुन्हा विमान अपघाताचीच बातमी आली, तर लोक काय म्हणतील? खुद्द गांधीजींनीही १९४६ च्या सुरुवातीला सुभाषबाबू जिवंत असावेत असं म्हटलं होतं, आणि त्याच वर्षी पुढे ते मागेही घेतलं. अविश्वासाला असं सबळ कारण होतं, हे श्रोत्याला आधी कळू दे.

मग १८ ऑगस्ट १९४५ चा दिवस सांग, कुठलाही सूर न लावता. जपाननं शरणागती जाहीर करून तीनच दिवस झाले होते. आदल्या दिवशी सायगावहून निघालेलं जपानी बॉम्बर विमान तैहोकूला, म्हणजे आजच्या तैपेईला, इंधन घेऊन दुपारी उडालं आणि लगेच कोसळलं. त्याच विमानातले जपानी जनरल शिदेई त्यात गेले. सुभाषबाबूंच्या कपड्यांनी पेट घेतला होता. ते विझवताना त्यांच्यासोबत असलेल्या हबीबुर रहमान यांचेही हात भाजले. लष्करी इस्पितळात डॉ. योशिमी यांनी उपचार केले. रात्री सुभाषबाबू गेले. बातमी मात्र जगाला कळली २३ ऑगस्टला. मधले हे पाच दिवस पुढच्या सगळ्या कथांना पुरले. तुझ्या स्क्रिप्टमध्ये ते एका ओळीत उरकलेत, तिथे थांब.

चौकशी समित्यांचा भाग मात्र आटोपशीर कर. १९५६ ची शाहनवाज समिती आणि १९७४ चा खोसला अहवाल, दोन्हींनी अपघात मान्य केला. पहिल्या समितीत सुभाषबाबूंचे थोरले बंधू सुरेशचंद्र होते आणि त्यांनी वेगळं मत नोंदवलं, ते गाळू नकोस. २००५ च्या मुखर्जी आयोगानं अपघाताची कथा नाकारली आणि सरकारनं आयोगाचा तो निष्कर्ष नाकारला, हेही सरळ सांग. तैवानकडे अपघाताची नोंद नाही, हा आयोगाचा मोठा आधार होता. पण त्या दिवशी बेट जपानच्या ताब्यात होतं, हे सांगितल्याशिवाय नोंद नसण्याचं वजन श्रोत्याला कळणार नाही. आणखी एक गोष्ट लोक सोयीनं विसरतात. फैजाबादचे साधू गुमनामी बाबा म्हणजेच नेताजी, यालाही याच आयोगाला ठोस पुरावा मिळाला नाही, दातांची डीएनए चाचणीही जुळली नाही. अहवालातलं आपल्याला हवं तेवढं पान फाडून घ्यायचं, ही सवय तुझ्या कथेत नको.

सरकारी लपवालपवीवर तू जो राग धरला आहेस, तो मला पटतो. पश्चिम बंगालनं ६४ फाइली खुल्या केल्या त्या सप्टेंबर २०१५ मध्ये, केंद्रानं पहिल्या शंभर फाइली दिल्या त्या जानेवारी २०१६ मध्ये. सत्तर वर्षं कपाट बंद ठेवलं तर आत काहीतरी भयंकर आहे असं लोकांना वाटणारच. फाइली उघडल्यावर नेताजी नंतर जिवंत असल्याचा पुरावा काही निघाला नाही, पण तोवर एक पिढी संशयातच म्हातारी झाली होती.

तुझ्या शेजारचे निवृत्त मास्तर त्या पिढीतलेच. त्यांची मुलाखत या ट्रॅकमधला सगळ्यात चांगला भाग आहे. ‘नेताजी असते तर फाळणी झाली नसती,’ असं ते म्हणतात, आणि ‘असते तर’च्या आधी त्यांचा आवाज जरा अडतो. तू एडिट करताना ती जागा कापलीस. ती परत घाल. त्या वाक्यात मृत्यूचा कसलाही पुरावा नाही, पण त्यांना हे मानावंसं का वाटतं ते सगळं त्या अडण्यात आहे. लगेच तुझा ‘मात्र वस्तुस्थिती अशी’ येतो, तोही थोडा उशिरा येऊ दे. माणसाचं बोलणं पुरतं ऐकून न घेता त्याला चूक ठरवलं की तो आणखी घट्ट होतो, आणि श्रोता त्याच्या बाजूला जातो.

एक माणूस तुझ्या कथेत अजून आलेलाच नाही. सुभाषबाबूंची मुलगी अनिता, १९४२ मध्ये व्हिएन्नात जन्मलेली. वडील त्या अपघातातच गेले असं ती मानते. टोकियोच्या रेंकोजी देवळातल्या अस्थी भारतात आणा, हवी तर डीएनए चाचणी करा, असं ती जाहीरपणे सांगत आली आहे. आपल्या सगळ्या तर्ककुतर्कांची किंमत कोणी मोजली, हे तिच्यामुळे कळतं. मास्तरांच्या नंतर लगेच तिचा भाग घे.

रविवारी सकाळी फोन कर. मास्तरांची मूळ, न कापलेली फाइल जवळ ठेव, दोघं मिळून ऐकू.

तुझा,
आबा