सालोमालोचे वकील

गाणं कुणा एकाच्या मालकीचं नसतं, ते लोकांचं असतं. आपल्या संतांनी कधी कॉपीराइट मागितला होता का? एका परिसंवादात एका व्यासंगी वक्त्याने हा सवाल टाकला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. निमित्त होतं डागर विरुद्ध रहमान खटल्याचं. रहमानच्या 'वीरा राजा वीरा' या गाण्याची चाल डागर घराण्याच्या 'शिवस्तुती'वरून उचलली आहे का, या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी एप्रिल २०२५ मध्ये डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबरात खंडपीठाने तो रद्द केला. वक्त्याला या तपशिलात रस नव्हता, त्याला संत हवे होते. बाहेर टेबलावर विकायला ठेवलेल्या त्याच्या पुस्तकात, दुसऱ्याच पानावर 'सर्व हक्क लेखकाधीन' असं छापलं होतं. ते मी चष्मा लावून वाचलं.

तर संत. तुकोबांच्या गाथेत सालोमालोवर रचना आहेत, त्या या मंडळींच्या वाचनात आलेल्या दिसत नाहीत. तक्रार स्वच्छ आहे: सालोमालोसारखे लोक दुसऱ्याचं ते आपलं म्हणून सांगतात, संतांच्या वचनांची मोडतोड करून स्वतः मिरवतात आणि सगळ्याचा विचका करतात. आरोप दोन झाले. एक नाव लाटल्याचा, दुसरा शब्द बिघडवल्याचा. कॉपीराइट कायद्याचं ५७वं कलम लेखकाला नेमके हेच दोन विशेष हक्क देतं: कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा, आणि लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा. बाकी हक्क विकून टाकले तरी हे दोन लेखकापाशीच राहतात. देहूच्या वाण्याने ही कैफियत सतराव्या शतकात वकिलाविना मांडली होती.

चोरीची रीत तर पाहण्यासारखी आहे. अभंग हा अक्षरांच्या मोजणीवर चालणारा छंद. 'तुका' दोन अक्षरी, 'सालो'ही दोन अक्षरी. एक काढून दुसरं बसवलं की लय तसूभरही ढळत नाही, टाळकऱ्याला पत्ता लागत नाही. कवीने शेवटच्या चरणात ओवलेली नाममुद्रा हीच त्याची सही, आणि खाडाखोड न दिसता बदलता येईल अशी ती सही होती.

यावर समोरचा पक्ष काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. हे बोल माझे नव्हेत, देवच माझ्याकडून बोलवून घेतो, असंही तुकोबाच सांगतात ना? मग मालकी कसली? आक्षेप वजनदार आहे, आणि मराठीतली निम्मी फुकटेगिरी त्याच्याच आडोशाने चालते, म्हणून इथे थांबायलाच हवं. 'माझं नाही' म्हणताना श्रेय कोणाला दिलंय ते बघा. ते विठ्ठलाला दिलंय. विठ्ठलापुढे वाकलेला माणूस गावातल्या उचल्यापुढेही वाकला असं मानणं म्हणजे देवाला वाहिलेला नारळ ज्याने त्याने पिशवीत घालावा असं म्हणणं. कवित्वाचं श्रेय तुकोबांनी पांडुरंगाला दिलं, सालोमालोला नाही. आणि पांडुरंगाला देऊनही आपली मुद्रा काढली नाही. नम्रतेचं कुळकायद्यासारखं भाषांतर करून कसेल त्याचं गाणं म्हणणारे पंडित हा फरक सोयीने विसरतात.

१९३६ सालच्या प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये सालोमालो तुकोबांच्या रचना आपल्या नावावर खपवतो. गंमत म्हणजे त्याच चित्रपटातलं 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं, आणि ते कित्येकांनी तुकोबांचाच अभंग समजून डोक्यावर घेतलं. चोर कोणीच नाही, तरी नाव गेलं. गीतकाराला याहून मोठी दाद कोणती, असं म्हणायची पद्धत आहे. म्हणणारे सहसा गीतकार नसतात.

पण आठवल्यांपाशी येऊन माझाही सूर बदलतो. इतका वेळ मी चोराच्या मागे धावत होतो, आणि गीतकाराचं खरं नुकसान चोराने केलेलं नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने पैसे मोजून करून घेतलेल्या चित्रगीताचा पहिला मालक निर्माताच, करारात वेगळं ठरलं नसेल तर. पुढची पस्तीस वर्षं होतकरू गीतकार वही छातीशी धरून हिंडत होते, मुखडा कुणाला ऐकवायला घाबरत होते, गाणं स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवून पाकीट न फोडता कपाटात ठेवत होते; आणि स्टुडिओत गेल्यावर एका सहीने सगळं देऊन येत होते. गाणं लिहिलं की हक्क निर्माण होतो, नोंदणीची सक्ती नाही, हेही त्यांना कोणी सांगत नव्हतं. जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, २०१२ ची दुरुस्ती झाली. आता चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा समान वाटा गीतकार-संगीतकाराला सही करूनही सोडता येत नाही. वारसांना किंवा हक्कसंस्थेला तेवढा देता येतो. नवोदितांना मात्र अजूनही भीती वाटते ती चोराची. करारनामा ते न वाचता उलटतात.

आणि चोरी होते तेव्हा ती अनेकदा 'लोकांचं गाणं' याच नावाखाली होते. बीरभूमच्या रतन कहारांचं 'बोरोलोकेर बिटी लो' १९७६ साली स्वप्ना चक्रवर्तींच्या आवाजात गाजलं. २०२० मध्ये ते बादशाहच्या 'गेंदा फूल'मध्ये आलं, कहारांच्या नावाशिवाय. ओरड झाल्यावर बादशाहने सांगितलं की नोंदींत ते पारंपरिक म्हणूनच आहे, आणि पुढे पाच लाख रुपये पाठवले. कहारांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. गाणं पारंपरिक ठरलं तेव्हा त्याचा कवी हयात होता, एवढंच त्या वक्त्याने ध्यानात घ्यावं.

तरीही वारसांच्या बाजूने उभं राहायला मला सांगू नका. रवींद्रनाथ १९४१ साली गेले. पन्नास वर्षांची मुदत १९९१ अखेर संपणार होती, ती वाढवून साठ केली आणि रवींद्रसंगीत आणखी दहा वर्षं विश्वभारतीच्या ताब्यात राहिलं. त्याच साठ वर्षांच्या हिशेबाने, १९७७ साली गेलेल्या गदिमांची गीतं २०३७ अखेर मोकळी होतील. हयात कवीला पैसा मिळालाच पाहिजे, त्याच्या पश्चात काही वर्षं बायकामुलांनाही. पण दोन पिढ्या परवानगीच्या चिठ्ठ्या फाडत बसणं मला पटत नाही. अशी चिठ्ठी लागली असती तर गाथा दिंडीतून आपल्यापर्यंत आलीच नसती. नावाला मात्र मुदत नको.

हे नाव टिकवणं दिवसेंदिवस अवघड होतंय. वामनदादा कर्डकांचं नाव त्यांच्या गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात येतं, आणि रील मुखड्यावरच संपते. मिरवणुकीत डीजे दुसऱ्या कडव्याच्या आधीच पुढचं गाणं लावतो. पूर्वी रेडिओवर गायकाचं नाव यायचं, गीतकाराचं नाही. त्यासाठी साहिर लुधियानवींना आकाशवाणीशी भांडावं लागलं. आपल्या मंडपातल्या निवेदकाशी भांडायला कोणी साहिर लागू नये. माईक त्याच्याच हातात असतो, आणि देणगीदारांची नावं तो न चुकता दोनदा वाचतो.