रेती कुणाची?

पुलगावजवळ वर्धा नदीतून काढलेली चार टिप्पर रेती आमच्या घराच्या स्लॅबमध्ये आहे. बाबांनी पैसे मोजले, पावती घेतली. म्हणजे ती आमची, असं मी धरून चाललो होतो.

एका रात्री पुण्यात मॅपवर नदी धरून खाली सरकत गेलो. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. गोदावरीने समुद्रात नेलेल्या रेतीतूनच काकीनाड्यासमोर होप बेटाचा सुमारे १६ किलोमीटर लांब दांडा तयार झाला. वादळात शहराला तोच आडोसा. इकडे अप्पर वर्धा, निम्न वर्धा धरणं गाळ अडवतात, उरलेलं पात्र आपण उपसतो. काकीनाड्याच्या उत्तरेला उप्पाड्यात समुद्राने घरं गिळलीत.

आमच्या चार टिप्परांनी तिथलं एखादं घर पडलं? नाही. उप्पाड्याची कारणं आणखीही आहेत. पण ‘चार टिप्परांनी काय होतंय’ हे प्रत्येक घाटावर प्रत्येकासाठी खरंच असतं, आणि मला तेच छळतं.

बाबांना आता वरचा मजला काढायचाय. म्हटलं, क्रश सँड घेऊ, दगड फोडून केलेली.

“अन् तो दगड कोणाच्या टेकडीचा?” बाबा म्हणाले.