कच्ची नोंद

आमच्या धाकटीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी शेरा दिला आहे, 'गणितात कच्ची'. सही करायला मी पेन उघडले आणि थबकलो. हाच शेरा माझ्याही प्रगतिपुस्तकात दरवर्षी असायचा, आणि आज चोवीस वर्षे मी बँकेत लोकांचे पैसे मोजतो आहे. (ग्राहकांनी घाबरू नये. मशीन मोजते.)

तेव्हा म्हटले, सही करण्यापूर्वी या शब्दाची जरा चौकशी करू. कर्ज देताना करतो तशी. घरदार, कुळ, जामीन वगैरे.

'पक्का' निघाला मोठा खानदानी. संस्कृतातल्या 'पच्' धातूपासून पक्व, प्राकृतात पक्क, आणि आपल्याकडे पक्का. पाक, पक्वान्न, पचन, पिकणे ही सगळी त्याच घरची मंडळी. चुलीवर शिजले ते, उन्हाने पिकले ते आणि पोटात जिरले तेही त्यांच्यातलेच. म्हणजे आच लागल्याशिवाय त्या घरात प्रवेश नाही. कच्च्याला संस्कृतात 'आम' म्हणतात. हा आम आपल्याकडे राहिला तो आमांशात आणि आमवातात, वैद्याकडे गेल्याशिवाय त्याची गाठ पडत नाही. आपल्या 'कच्चा'चे त्या घराशी नातेच नाही. तो आपला बोलीतून अनवाणी आला आणि घरभर झाला. कच्चा रस्ता, कच्चा माल, कच्चा खर्डा, कच्चा कैदी, कानाचा कच्चा. आणि एवढा खानदानी 'पक्का' आपण चिकटवतो कुणाला? तर चोराला, लबाडाला. 'पक्का सज्जन' असे मी तरी अजून ऐकलेले नाही.

पण हे ठरवायचे कुणी? गोरोबाकाकांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. तेरचा हा कुंभार. संतांची बैठक जमली असताना मुक्ताबाईने त्यांना विचारले, काका, यातली मडकी कच्ची किती, पक्की किती? काकांनी थापटणे घेतले आणि एकेका संताच्या डोक्यावर मारत सुटले. बाकीचे गप्प बसले. नामदेव तेवढे रडकुंडीला आले, आणि निकाल लागला की हे मडके कच्चे. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, हेही आपण ऐकतो. मात्र एक गोष्ट कीर्तनात जरा भरभर उरकतात. ज्ञानदेवांनी १२९६ साली समाधी घेतली, नामदेव त्यानंतर अर्धशतकाहून जास्त जगले, पंजाबपर्यंत पोचले, आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. कच्चे मडके बरेच टिकले म्हणायचे.

ज्ञानदेवांचे तरी काय? आमच्या नगर जिल्ह्यात (जिल्हा आता अहिल्यानगर, पण जीभ अजून नगरच म्हणते) नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी पुरी झाली. परंपरा सांगते, तेव्हा त्यांचे वय पंधरा-सोळा. अठराच्या आतल्या माणसाला कायद्याच्या मराठीत काय म्हणतात, माहीत आहे? अज्ञान! माऊली आमच्या काउंटरवर आली असती, तर आम्ही नावापुढे बिनदिक्कत लिहिले असते, 'ज्ञानेश्वर विठ्ठल, अज्ञान, तर्फे पालक'. आणि पालक कोण, म्हणून पुन्हा अडवून ठेवले असते.

लहानपणी गल्लीत आमचा न्याय बरा होता. खेळायला कुणाचे शेंबडे भावंड आले की ते 'कच्चा लिंबू'. त्याने पळायचे, ओरडायचे, पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर डाव येत नाही. हिशेबात धरायचा नाही, पण खेळातून हाकलायचाही नाही. बँकेला हे अजून जमलेले नाही.

संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. तिथे १९५०-५१ साली सांकलिया आणि देव यांनी खोदकाम केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीची मडकी वर आली. तांबड्या अंगावर काळी नक्षी, आणि भाजणी अशी की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. गोरोबाकाकांनी डोळे मिटून पास केली असती. याच प्रवरेवर नेवासा आणि दायमाबाद इथेही त्या लोकांची घरे सापडली, आणि घरांच्या जमिनीखाली तान्ह्या मुलांची दफने. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत मूल. गावाबाहेर नाही. ज्या घरात चूल पेटत होती, त्याच घरात.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमची आई आठवली.

२०११ च्या जनगणनेला शाळेतले एक मास्तर आमच्याकडे आले होते. आईची माहिती मीच सांगत होतो. मुले किती, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, चार. आतून आईचा आवाज आला, "पाच."

मी म्हटले, "अगं, ते आता..."

"पाच," ती म्हणाली.

माझ्या आधीची एक मुलगी. सातव्या महिन्यातच झालेली. अकरा दिवस होती. बारसे बाराव्या दिवशी, म्हणून नावही नाही. एवढ्या लहानाला अग्नी देत नाहीत. नदीकाठी कुठे पुरले, ते दादांनी आईला कधी सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. आमच्या घरच्या कुठल्याही कागदावर तिची नोंद नव्हती. मी जन्मल्यापासून चारच मोजत आलो, आणि हिशेब बरोबर असल्याबद्दल मला कधी शंका आली नाही.

मास्तर समजूतदार होते. म्हणाले, "भाऊ, फॉर्मात दोन्ही विचारलंय. हयात किती आणि आजवर जन्मलेली किती." एका ठिकाणी त्यांनी चार लिहिले, दुसऱ्या ठिकाणी पाच. आई बाहेर आली आणि त्यांना चहा देऊन गेली. साखर जरा जास्तच पडली होती.

धाकटी मघापासून पुढ्यात उभी आहे. "बाबा, सही करताय ना? उद्या शेवटचा दिवस आहे." मी विचारले, "काय गं, तुझ्या वर्गात मुली किती?" तिने बोटे मोजायला सुरुवात केली आहे.