मनापासून वाटावे
समजा, तुम्ही बंगळुरूच्या चिकपेटेत साड्यांच्या दुकानात बसला आहात. गिऱ्हाईक नाही. मोबाइलवर दूरदर्शनच्या जुन्या ‘रामायण’ मालिकेचा तुकडा येतो. तुम्ही हरखता, लगेच दहा जणांना पाठवता. यात गैर काहीच नाही. पण आठवून पाहा, १९८७ साली दर रविवारी सकाळी ही मालिका लागे, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याचे दार शेजाऱ्यांना उघडे असे. तेव्हा दार उघडणारे वडील आज वरच्या खोलीत एकटेच बसले आहेत. तुकडा त्यांनाही पोहोचला. तुम्ही पोहोचलात का? मराठीत ‘वाटणे’ म्हणजे मनाला जाणवणे आणि दुसऱ्याला देणेही. दोन्ही एकत्र घडले, तरच आनंद वाढतो. आज दुकान बंद केल्यावर वर जा आणि तो तुकडा वडिलांशेजारी बसून पुन्हा पाहा.