मापातली राखण

ईशान्य मोसमी पाऊस चेन्नईत उतरला की तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनांमधून काळे चष्मे दिसू लागतात. मॅन्शन म्हणजे नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या एकट्या पुरुषांच्या भाड्याच्या खोल्या. एका खोलीत दोघं-तिघं, मजल्याला सामायिक न्हाणीघर, दोरीवर एकमेकांना खेटून वाळणारे पंचे. एकाचे डोळे आले की शेजारच्याचे यायला वेळ लागत नाही. या दुखण्याला इथे ‘मद्रास आय’ म्हणतात. १९१८च्या सुमारास एग्मोरच्या सरकारी नेत्ररुग्णालयाने साथीची नोंद केली आणि शहराचं नाव दुखण्याला चिकटलं ते कायमचंच. आपल्याकडे २०२३च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्यात पसरली होती ती अशीच साथ.

मला मात्र साथीपेक्षा साथ नसतानाच्या दिवसांचं नवल वाटतं. मरिनावरून येणारा खारा वारा, रस्त्याची धूळ, बसची दांडी धरून तसाच डोळ्याकडे जाणारा हात. एवढं असून वर्षाचे बहुतेक दिवस बहुतेकांचे डोळे निरोगी राहतात.

अश्रूंमध्ये जंतू मारणारं द्रव्य असतं, हे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२मध्येच दाखवलं. त्या प्रयोगांना अश्रू पुरावेत म्हणून सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस पिळला जाई. ते द्रव्य म्हणजे लायसोझाइम. पुढे, १९८०च्या दशकापासून, त्याहूनही लहान रेणू हाती लागत गेले: डिफेन्सिन, कॅथेलिसिडिन. अवघ्या ३७ अमिनो आम्लांची साखळी असलेलं एलएल-३७ हे पेप्टाइड बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, पेशी स्वतः तयार करतात. तिथे ओरखडा उठला की त्याचं प्रमाण वाढतं. या पेप्टाइडांवर धन भार असतो आणि जिवाणूंच्या आवरणावर ऋण, त्यामुळे ती तिथे जाऊन चिकटतात आणि आवरणाला भोकं पाडतात. आपल्या पेशींची बाहेरची बाजू बहुतांशी भाररहित, म्हणून ती वाचते. मद्रास आयला बहुधा कारण ठरणाऱ्या अ‍ॅडेनोविषाणूला असं स्निग्ध आवरणच नसतं. तिथे पांढऱ्या पेशींतली काही डिफेन्सिनं विषाणूच्या कवचालाच धरून बसतात आणि ते उघडू देत नाहीत. प्रयोगशाळेत हे दिसलं आहे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते माप. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो काचेसारखा स्वच्छ. जंतू दिसताच पांढऱ्या पेशींची फौज तिथे लोटली तर जंतू मरतील, पण पडदा गढुळेल आणि दृष्टी जाईल. म्हणून रोजची राखण या लहान रेणूंकडे, तीही नेमकी. बीटा-डिफेन्सिन-१ डोळ्यात कायम असतं. बीटा-डिफेन्सिन-२ मुख्यतः दाह झाला की बनतं. कोरड्या डोळ्यांच्या रोग्यांत हे दुसरं वाढलेलं आढळलं आहे, पण म्हणून त्यांचे डोळे काही सुखात नसतात. पेप्टाइडं स्वतःही दाहाच्या पेशींना बोलावू शकतात. शिवाय अश्रूंतल्या क्षारांनी त्यांची धार कमी होते. त्यामुळे बाटलीत भरून विकावं असं औषध अजून हाती आलेलं नाही, आणि मला ही ढिलाई वाटत नाही. शरीराने इतकं जपून मोजलेलं आपण ओंजळीने ओतायचं तर सावधच राहायला हवं.

आपण मात्र ओतत असतो. डोळे आले की कुणी गुलाबपाणी घालतं, कुणी अंगावरचं दूध, कुणी कपाटात उरलेले थेंब. त्यात स्टेरॉइड असलं की लाली झपाट्याने उतरते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. तमिळनाडूच्या भातशेतीत डोळ्यात साळीचं कूस जातं, कॉर्नियावर चरा उमटतो आणि त्यातून बुरशी शिरते. अशा डोळ्यात ते थेंब पडले की वरून दाह ओसरतो, ठणकाही कमी होतो आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. रोगी नेत्ररुग्णालयात पोहोचतो तेव्हा कॉर्निया पांढरा पडलेला असतो. मग नव्या कॉर्नियासाठी नेत्रदात्याची वाट पाहायची, किंवा उरलेल्या एका डोळ्यावर शेती करायची.